ऑक्टाव्हिया आरएससाठी के०३–के०४ हायब्रिड टर्बो : मापं, मशिनिंग, फिटिंग आणि चुकतं कुठे

संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याला स्कोडाची जुळणी २००१ साली सुरू झाली आणि २००४ मध्ये पहिल्या पिढीची ऑक्टाव्हिया आरएस आपल्या रस्त्यांवर आली. युरोपातल्या आरएसला १८० पीएस होते, आपल्याकडच्या गाडीला १५० पीएस आणि २१० न्यूटन-मीटर. इंजिन मात्र त्याच घराण्यातलं : १७८१ सीसी, प्रत्येक सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह, बॉशचा मोट्रॉनिक ईसीयू (इंजिन सांभाळणारा संगणक) आणि केकेके कंपनीचा छोटा के०३ टर्बो (एक्झॉस्टच्या वायूंनी टर्बाईन फिरवून, त्याच शाफ्टवरच्या कॉम्प्रेसरने इंजिनात हवा दाबून भरणारा पंप). ज्यांनी या गाड्या वीस वर्षं जपल्या आहेत, त्यांची तक्रार जवळजवळ एकच असते. रीमॅप केला (ईसीयूमधले आकडे बदलले), सायलेन्सर मोकळा केला, खालून गाडी झकास ओढते, पण ५,००० आरपीएमच्या पुढे तिचा दम संपतो.

दम इंजिनाचा नाही, टर्बोचा संपतो. एवढ्या लहान टर्बोकडून ३,००० आरपीएमला १.२ बार बूस्ट (हवेचा जादा दाब) सहज मिळतो, पण ६,५०० ला ०.८–०.९ बार टिकवतानाच त्याची दमछाक होते. यावर तीन वाटा आहेत. के०४-००१ हा तयार टर्बो थेट बसतो, फरक मात्र माफक पडतो. ऑडी टीटीच्या २२५ पीएस आवृत्तीतला के०४-०२३ खरोखर मोठा आहे, पण त्याच्यासोबत मॅनिफोल्ड (सिलिंडरचे वायू टर्बोकडे आणणारा भाग), डाउनपाइप (टर्बोनंतरचा एक्झॉस्ट पाइप), तेल-पाण्याच्या लाइन आणि इनटेकचे पाइप असं सगळंच बदलावं लागतं. तिसरी वाट हायब्रिडची : बाहेरची हाउसिंग के०३ चीच, आतली व्हील मोठी. के०३ आणि के०४ यांचा बेअरिंग हाउसिंगचा साचा एकाच घराण्यातला असल्यामुळे हे जमतं. दोघांसाठी रिपेअर किटसुद्धा बऱ्याचदा एकच येतं. मॅनिफोल्डला लागणारा ३ बोल्टचा फ्लँज आणि सगळ्या लाइन जागच्या जागी राहतात.

या कामात बहुतेकांचं लक्ष कॉम्प्रेसर व्हीलवर असतं. ते चकचकीत असतं, फोटोत छान दिसतं, विकणाराही त्याचंच माप सांगतो. पण हायब्रिड फसतो तो टर्बाईनच्या बाजूने आणि थ्रस्ट बेअरिंगवर (शाफ्टचं पुढे-मागे सरकणं अडवणारं बेअरिंग). म्हणून या लेखात कॉम्प्रेसरबद्दल थोडं आणि बाकीच्याबद्दल जास्त आहे.

आधी आकडा ठरवा

या ईसीयूच्या गाड्यांत एक हिशोब चांगला लागू पडतो : एअर मास सेन्सरचा ग्रॅम-प्रति-सेकंद आकडा ०.८ ने भागला की क्रँकवरचे पीएस जवळपास मिळतात. मूळ गाडी १२० च्या आसपास दाखवते, म्हणजे १५० पीएस. २२० पीएस हवे असतील तर १७६ ग्रॅम प्रति सेकंद हवा लागेल.

के०३ च्या हाउसिंगमधल्या हायब्रिडसाठी २२० पीएस हे माझ्या मते समजूतदार लक्ष्य आहे. २५० मागितले तर टर्बो ते कदाचित देईलही, पण एक्झॉस्टच्या शंखाचा (टर्बाईन हाउसिंगमधल्या वळणदार मार्गाचा) घसा के०३ चाच राहतो. व्हील कितीही मोठं घातलं तरी घशाचं क्षेत्रफळ वाढत नाही. मग मॅनिफोल्डमधला दाब बूस्टच्या दुप्पट होतो, गरम वायू सिलिंडरमध्येच अडकतात आणि नॉकिंग (इंधनाचा अवेळी स्फोट) सुरू होतं. २५० हवेच असतील तर ०२३ ची वाट धरा, तिचा खर्च एकदाच होतो.

दुसरी मर्यादा कनेक्टिंग रॉडची. या इंजिनाचे मूळ रॉड ४०० न्यूटन-मीटरच्या आसपास वाकतात, आणि ते पीएसमुळे नाही, टॉर्कमुळे वाकतात. हायब्रिड टर्बो लवकर भरतो, हा त्याचा गुण इथे दोष ठरतो : २,८०० आरपीएमला पूर्ण बूस्ट, पाचवा गिअर, घाटातला चढ आणि पाय तळाशी, एवढं रॉडला पुरतं. म्हणून मॅपमध्ये टॉर्क ३३० न्यूटन-मीटरला बांधून ठेवा. ५,८०० आरपीएमला २२० पीएस म्हणजे २६६ न्यूटन-मीटरच, तेव्हा या बंधनाने वरच्या ताकदीला काही होत नाही. मूळ गिअरबॉक्सची क्षमता २५० न्यूटन-मीटरची मानली जाते, आणि जुना क्लच ३०० च्या आसपास घसरायला लागतो. क्लचचा खर्च हिशोबात आधीच धरा.

व्हीलची जोडी

कॉम्प्रेसर व्हीलची दोन मापं घ्यायची. हवा आत येते तिथला व्यास म्हणजे इंड्यूसर, बाहेर फेकली जाते तिथला मोठा व्यास म्हणजे एक्सड्यूसर. इंड्यूसरला एक्सड्यूसरने भागून वर्ग करा आणि १०० ने गुणा, की ट्रिम मिळतो. समजा ४२ आणि ५६ मिमी, ट्रिम ५६.२५. मापं व्हर्नियरने स्वतः घ्यायची. बाजारातल्या व्हीलवर छापलेला नंबर आणि प्रत्यक्ष माप यांत अर्ध्या मिलिमीटरचा फरक सर्रास निघतो, आणि या कामात अर्धा मिलिमीटर म्हणजे दोन्ही बाजूंची मिळून सगळी फटच.

एक्सड्यूसर मोठा घेण्याचा खरा फायदा वेगात आहे. ५१ मिमीचं व्हील मिनिटाला १,८०,००० फेरे घेत असेल तर पात्याच्या टोकाचा वेग सेकंदाला ४८१ मीटर होतो. तेवढाच टोकाचा वेग, म्हणजे ढोबळमानाने तेवढंच दाबाचं गुणोत्तर, ५६ मिमीचं व्हील १,६४,००० फेऱ्यांत देतं. शाफ्ट हळू फिरतो, हवा कमी तापते, बेअरिंग जास्त दिवस जगतं.

पण हे मोठं व्हील फिरवणार कोण? टर्बाईन के०३ चंच ठेवून नुसतं कॉम्प्रेसर मोठं केलं तर तीन गोष्टी होतात. बूस्ट उशिरा येतो, कारण छोट्या टर्बाईनला जड व्हील ओढावं लागतं. वरच्या आरपीएमला एक्झॉस्ट तुंबतो, कारण बाहेर पडायची वाट तेवढीच राहते. आणि थ्रस्ट बिघडतो : कॉम्प्रेसरच्या पाठीवर बूस्टचा दाब असतो, तो शाफ्टला इनलेटच्या दिशेने ढकलतो. व्हील मोठं झालं की पाठ मोठी झाली, ढकलणं वाढलं. त्यात तुंबलेल्या एक्झॉस्टचा दाब मिळाला की थ्रस्ट बेअरिंगवर तेलाची फिल्म टिकत नाही. अशा टर्बोचा थ्रस्ट काही हजार किलोमीटरांत घासला जातो, व्हील पुढे सरकून कव्हरला लागतं आणि लोक म्हणतात, व्हील खराब निघालं.

म्हणून टर्बाईन शाफ्टही के०४ चाच घ्या. त्याच्यात पाहायचं माप म्हणजे वायू बाहेर पडतात तिकडचा व्यास, कारण मोकळेपणा तोच ठरवतो. पात्यांची टोकं तिरकी छाटून वाट वाढवण्याची एक पद्धत आहे. १० अंशांपर्यंतची छाट रस्त्यावरच्या गाडीला चालते, त्यापुढे खालचा बूस्ट हातचा जातो. शाफ्ट विकत घेताना सीलच्या रिंगची खाच भिंगाखाली बघा. खाचेच्या कडा गोल झाल्या असतील तर तो शाफ्ट परत करा. नवीन रिंग घातली तरी ती तिथे नीट बसणार नाही. टर्बाईनमागची पत्र्याची हीट शील्डही नव्या व्हीलच्या मापाचीच हवी. जुनी तशीच बसवली तर गरम झाल्यावर पातं तिला घासतं.

उलटी चूकही होते. कॉम्प्रेसरचा ट्रिम फार मोठा घेतला तर २,५००–३,००० आरपीएमला पाय दाबल्यावर फडफड ऐकू येते. ही सर्ज. अनेकांना हा आवाज आवडतो. त्या प्रत्येक फडफडीला हवा उलटी फिरून थ्रस्टवर हातोड्यासारखी बसत असते, हे लक्षात ठेवा.

लेथवरचं काम

कॉम्प्रेसर कव्हर अ‍ॅल्युमिनियमचं असल्यामुळे ते कापायला सोपं, आणि म्हणूनच इथे घाई होते. कव्हर चकमध्ये धरून थेट कापायला लागू नका. बेअरिंग हाउसिंग ज्या बोअरमध्ये बसतं तो बोअर संदर्भ म्हणून धरा, डायल गेज लावा आणि रनआउट (फिरताना होणारं डोलणं) ०.०२ मिमीच्या आत येईपर्यंत सेटिंग करत राहा. हा एक तास वाचवला तर पुढे एका बाजूला फट ०.१ आणि दुसऱ्या बाजूला ०.४ निघते.

व्हीलच्या पात्यांच्या वळणाचा पत्र्याचा टेम्प्लेट बनवा किंवा सीएनसीवर प्रोफाइल घ्या. पातं आणि कव्हर यांच्यात एका बाजूला ०.२५ ते ०.३ मिमी फट ठेवायची. याहून कमी ठेवली तर फ्लोटिंग बेअरिंगचा शाफ्ट तेलाच्या फिल्मवर हलतो तेव्हा पातं लागेल, ०.५ च्या पुढे गेली तर हवा पात्यावरून मागे गळते आणि बूस्ट उशिरा येतो. इंड्यूसरचा बोअर वाढवल्यावर तोंडाची भिंत किती उरते ते मोजा. रबरी इनटेक पाइपचा क्लॅम्प तिथेच आवळला जातो; ३ मिमीपेक्षा कमी भिंत दबते.

टर्बाईन हाउसिंग कास्ट आयर्नचं, वर्षानुवर्षं तापून कडक झालेलं. कार्बाइडची टिप, कमी फीड, बारीक कट. इथे फट जास्त हवी, साधारण ०.४ मिमी, कारण चालू गाडीत हे व्हील लालबुंद होऊन फुगतं. कापण्याआधी हाउसिंग स्वच्छ करून वेस्टगेटच्या (जादा वायू टर्बाईनला वळसा घालून सोडणाऱ्या झडपेच्या) सीटभोवती नीट पाहा. तिथे केसासारख्या रेघा जवळजवळ प्रत्येक जुन्या के०३ ला असतात आणि त्या चालतात. पण रेघ सीटमधून आरपार शंखात गेली असेल, किंवा नख अडकत असेल, तर दुसरं हाउसिंग शोधा. ते वेल्डिंग करून आणून देणारे भेटतात. कास्ट आयर्नचं असं वेल्डिंग गरम-थंड होण्यात टिकत नाही.

वेस्टगेटचं भोक याच वेळी नीट करून घ्या. कडा गोल करा, फ्लॅप सीटवर पूर्ण बसतो का ते निळी लावून तपासा. मोठ्या टर्बाईनमधून जास्त वायू जाणार आहे, तेव्हा बायपासची वाट अरुंद राहिली तर वरच्या आरपीएमला बूस्ट आपोआप चढत जातो आणि ईसीयूच्या हाती काही राहत नाही.

थ्रस्ट, बॅलन्स, जुळणी

मूळ टर्बोत थ्रस्ट बेअरिंग २७० अंशांचं असतं, म्हणजे घोड्याच्या नालेसारखं एका बाजूने उघडं. हायब्रिडमध्ये ३६० अंशांचं पूर्ण वर्तुळाचं घ्या, त्याच्या दोन भागांच्या कॉलरसह. हे ऐच्छिक समजू नका. बसवताना तेलाचं बारीक भोक हाउसिंगच्या भोकाशी जुळतंय का ते तारेने तपासा. बेअरिंग उलटं बसलं तरी वरून सगळं ठीकच दिसतं.

बॅलन्सिंग दोन टप्प्यांत होतं. आधी टर्बाईन शाफ्ट आणि कॉम्प्रेसर व्हील वेगवेगळे, कमी वेगाच्या मशीनवर. मग पूर्ण कार्ट्रिज (शाफ्ट, व्हील आणि बेअरिंग हाउसिंगचा गाभा) जोडून, गरम तेलाच्या दाबावर, जास्त वेगाच्या मशीनवर. दुसऱ्या टप्प्यात वेगाप्रमाणे कंपनाचा आलेख निघतो आणि कॉम्प्रेसरच्या नटावरून किंचित धातू काढून तो खाली आणला जातो. पहिला टप्पा करून थांबणारी दुकानं पुष्कळ आहेत. त्यांचा टर्बो चालतो, पण अँब्युलन्ससारखी शीळ घालतो, आणि शीळ घालणारा टर्बो सहा महिन्यांत तेल ओकतो. आलेखाची प्रत मागून घ्या. ज्याच्याकडे मशीन आहे तो ती देतो.

बॅलन्स झाल्यावर नट, व्हील आणि शाफ्ट यांच्यावरून एक सरळ रेघ मारलेली असावी. पुढे कधी उघडायची वेळ आली तर रेघेला रेघ जुळवूनच लावायचं. कॉम्प्रेसरचा नट डाव्या आट्यांचा असतो, हे विसरून ताकद लावली की शाफ्ट मोडतो. नट सोडताना आणि आवळताना पाना आणि शाफ्ट एका रेषेत ठेवा. आडवा जोर पडला तर शाफ्ट डोळ्यांना न दिसण्याइतका वाकतो आणि झालेला बॅलन्स वाया जातो.

जुळणी झाल्यावर डायल गेजने शाफ्टचा पुढे-मागे प्ले मोजा. ०.०३ ते ०.०९ मिमी ठीक, ०.१ च्या वर असेल तर उघडा. आडवा प्ले थोडा जाणवणारच, कारण तेल नसताना फ्लोटिंग बेअरिंग सैल असतं. व्हील बोटाने एका बाजूला दाबून फिरवा. कुठेही खरखर लागता कामा नये.

आता अ‍ॅक्च्युएटर, म्हणजे बूस्टच्या दाबाने रॉड ढकलून वेस्टगेट उघडणारा डबा. हँडपंप लावा, रॉडच्या टोकाला डायल गेज टेकवा. मूळ स्प्रिंग ०.३–०.४ बारला हलायला लागते. हायब्रिडला रॉड दोन-तीन आटे आखूड करून ०.४५ च्या आसपास हलेल असा प्रीलोड द्या. मूळ स्प्रिंग कमकुवत झाली असेल तर आटे वाढवत बसू नका. स्प्रिंग पूर्ण दबली की फ्लॅप पुरेसा उघडतच नाही. त्यापेक्षा नवीन अ‍ॅक्च्युएटर घ्या.

गाडीवर चढवणं

टर्बो इंजिनाच्या मागे, फायरवॉलच्या बाजूला आहे. उजव्या बाजूचा ड्राइव्हशाफ्ट सोडला की खालून हात जातो. आदल्या रात्री स्टडवर पेनिट्रेटिंग तेल मारून ठेवा, आणि मॅनिफोल्डचे ३ बोल्ट नवीनच वापरा. जुने ताणलेले असतात, महिन्याभरात सैल होतात आणि मग एक्झॉस्टची टिकटिक सुरू होते.

तेलाची फीड लाइन पुन्हा वापरू नका. ती गरम हाउसिंगवरून जाते आणि तिच्या आत कोळसा जमतो. बाहेरून फुंकर मारली तर हवा जाते, तेल पुरेसं जात नाही. हायब्रिड बसवून ५०० किलोमीटरांत टर्बो गेला असं ऐकलं की आधी ही लाइन कापून बघावी. या इंजिनाची दुसरी जुनी खोड म्हणजे संपमध्ये गाळ साचून तेलाची जाळी तुंबणं. संप काढा, जाळी साफ करा किंवा बदला. तेल ५डब्ल्यू-४०, फोक्सवॅगनच्या ५०२.०० मानकाचं, ५,००० किलोमीटरांवर बदलायचं. ड्रेन पाइपच्या फ्लँजला गॅस्केटच हवं. सिलिकॉन लावलं तर आत फुगलेला तुकडा ड्रेनच अडवतो.

धुराबद्दल एक गोष्ट. नवीन टर्बो बसवला आणि निळा धूर आला की सगळे सीलला दोष देतात. टर्बोच्या रिंगा खऱ्या अर्थाने तेल अडवत नाहीत. तेल खाली वाहून जातं म्हणून ते बाहेर येत नाही. क्रँककेसमधला दाब वाढला, म्हणजे पीसीव्हीचे (क्रँककेसमधले वायू बाहेर नेणाऱ्या यंत्रणेचे) रबरी पाइप चिरले किंवा व्हॉल्व्ह अडकला, की ड्रेन उलटा भरतो आणि चांगला टर्बोही धूर काढतो. पीसीव्हीचे सगळे पाइप आधी बदला, मग टर्बो उतरवायचा विचार करा.

इनटेकचा मूळ रबरी पाइप मोठ्या ओढीने आत चेपतो. सिलिकॉनचा, आत तारेची कडी असलेला घ्या. सगळं जोडल्यावर टर्बोच्या तोंडाला पीव्हीसीची कॅप आणि व्हॉल्व्ह बसवून, पीसीव्हीची वाट बंद करून, १ बार हवा भरा आणि साबणाचं पाणी मारत फिरा. डायव्हर्टर व्हॉल्व्हचा (थ्रॉटल सोडल्यावर बूस्ट मोकळा करणाऱ्या झडपेचा) फाटलेला पडदा आणि इंटरकूलरचे क्लिपवाले जोड इथेच सापडतात.

पहिल्यांदा चालू करण्याआधी टर्बोच्या तेलाच्या तोंडात तेल ओता, इंजेक्टरचे कनेक्टर काढा आणि तेलाचा दिवा विझेपर्यंत स्टार्टर मारा, १० सेकंदांच्या हप्त्यांत.

पेट्रोल बदललं आहे, इंजेक्टर मोजा

हा भाग जुन्या लेखांत मिळत नाही, कारण तेव्हा आपल्याकडे ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) नव्हतं. या घराण्यातल्या छोट्या टर्बोच्या गाड्यांत ३ बारला मिनिटाला ३१७ सीसी देणारे इंजेक्टर सर्रास सापडतात. तुमच्या गाडीतले कोणते ते पार्ट नंबरवरून पाहा. हिशोब असा : १७६ ग्रॅम हवा, लॅम्डा (हवा-इंधन प्रमाण आदर्शाच्या किती पट) ०.८५. शुद्ध पेट्रोलला हवा-इंधन प्रमाण १२.५ धरलं तर सेकंदाला १४.१ ग्रॅम, म्हणजे प्रत्येक इंजेक्टरला मिनिटाला २८३ सीसी. ३१७ च्या इंजेक्टरवर ही ८९ टक्के ड्यूटी (इंजेक्टर उघडा राहण्याचा वेळ) झाली, काठावर पण चालेल. ई२० मध्ये लॅम्डा तोच ठेवायला प्रमाण ११.५ च्या आसपास जातं. तेवढ्याच हवेला प्रत्येकी ३०४ सीसी लागतात, ड्यूटी ९६ टक्के. इंजेक्टर जवळजवळ बंदच होत नाही, आणि पंपाचा दाब जरा पडला की मिश्रण पातळ होऊन पिस्टन वितळतो.

टीटी २२५ चे ३८६ सीसीचे इंजेक्टर घाला, त्याच गरजेला ७९ टक्के ड्यूटी येते. ईसीयूमध्ये केआरकेटीई हा इंजेक्टरच्या मापाचा स्थिरांक ३१७ भागिले ३८६, म्हणजे ०.८२ पट करायचा, आणि टीव्हीयूबीमध्ये नव्या इंजेक्टरचा उघडण्याचा उशीर भरायचा. दुसरी पायरी विसरली की गाडी आयडलला हुडहुडते. एअर मास सेन्सरचं मोठं हाउसिंग घातलं तर एमएलएचएफएमचा (सेन्सरच्या वाचनावरून हवा ठरवणारा) तक्ताही क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाढवायचा. आतला व्यास ६० चा ७० मिमी झाला तर १.३६ पट, तसं न करता चालवलं तर ईसीयूला हवा एक चतुर्थांशाहून जास्त कमी दिसते.

इथेनॉल नॉकिंग रोखायला मदत करतं, हे खरं. तरी मॅप साध्या पंपाच्या पेट्रोलवर बेतू नका. ९५ किंवा त्यावरच्या ऑक्टेनचं पेट्रोल कायम मिळेल अशी सोय पाहा आणि मॅप त्यावरच करा. १०० ऑक्टेनचं इंडियन ऑइलचं एक्सपी१०० डिसेंबर २०२० पासून निवडक पंपांवर मिळतं, पण गावाकडच्या प्रवासात ते सापडेलच असं नाही. वीस वर्षांच्या इंधनाच्या रबरी नळ्या मात्र बदलूनच टाका. स्पार्क प्लग एक पायरी थंड, एनजीके बीकेआर७ई, गॅप ०.७ मिमी.

घाट आणि हवेचा दाब

हा ईसीयू बूस्ट निरपेक्ष दाबात (बाहेरच्या हवेचा दाबही धरून) मोजतो. लक्ष्य २.२ बार निरपेक्ष असेल तर मुंबईत, फिल्टरचं नुकसान धरून, टर्बोला २.२ च्या आसपास दाबाचं गुणोत्तर द्यावं लागतं. पुण्यात, ५६० मीटरवर, तेच २.४ होतं. महाबळेश्वरला, साडेतेराशे मीटरवर, २.६५. निरपेक्ष दाबाचा आकडा तोच दिसतो, पण वर शाफ्ट कितीतरी जोरात फिरतो आणि हवा जास्त तापते. मॅपमध्ये केएफएलडीएचबीएन नावाचा तक्ता याच कामासाठी आहे. तो गुणोत्तराला वरून बांध घालतो. घाईचे रीमॅपवाले तो सरसकट वाढवून ठेवतात. तो २.४ च्या आसपास बांधा. घाटमाथ्यावर ताकद थोडी कमी लागेल, टर्बो वाचेल.

मूळ इंटरकूलर बंपरच्या कोपऱ्यात, चाकापुढे आहे. दोन-तीन पुल (पूर्ण थ्रॉटलच्या दौडी) सलग केल्यावर इनटेकचं तापमान बाहेरच्यापेक्षा ३०–३५ अंशांनी वर जात असेल, तर पुढे मोठा इंटरकूलर लावल्याशिवाय इग्निशन वाढवू नका.

लॉग

पहिली फेरी एन७५ व्हॉल्व्हचा (ईसीयू ज्याने बूस्ट ठरवतो त्या झडपेचा) कनेक्टर काढून, नुसत्या वेस्टगेटच्या दाबावर. टर्बोला रनिंग-इनची गरज नसते, पण गळती आणि सैल बोल्ट कमी दाबावर सापडलेले बरे. मग व्हीसीडीएसने (फोक्सवॅगन समूहाच्या गाड्या तपासायचं सॉफ्टवेअर) तिसऱ्या गिअरमध्ये २,००० ते ६,५०० असा पुल घ्या, मोकळ्या आणि सुरक्षित जागी.

ब्लॉक ११५ मध्ये मागितलेला आणि मिळालेला बूस्ट. ब्लॉक ११८ मध्ये एन७५ ची ड्यूटी आणि इनटेकचं तापमान : वरच्या आरपीएमला ड्यूटी ९५ टक्के आणि तरी बूस्ट घसरतोय, तर टर्बो संपला, मॅपमध्ये आणखी मागून काही मिळणार नाही. ब्लॉक ०२० मध्ये चारही सिलिंडरचं इग्निशन किती मागे घेतलं जातंय ते दिसतं. एखाद्या सिलिंडरला क्षणभर ३ अंश ठीक. चारही ६ च्या पुढे गेले तर पाय काढा. ब्लॉक ०३१ मध्ये लॅम्डा मागणीप्रमाणे आहे का, आणि ०३२ मध्ये ॲडाप्टेशन (ईसीयूने शिकलेली इंधनाची दुरुस्ती) ५ टक्क्यांच्या आत आहे का ते बघा. बूस्टचा दाब मोजणारा मूळ सेन्सर २.५ बार निरपेक्षपर्यंतच वाचतो. आलेख तिथे सपाट दिसला तर तो स्थिर बूस्ट समजू नका, सेन्सरची मर्यादा संपली आहे.

कायद्याचंही सांगायला हवं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलात बदल करायला मनाई करतं, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तीच भूमिका घेतली. अपघातात विमा कंपनी हा मुद्दा काढू शकते. मूळ टर्बो आणि मूळ ईसीयूची फाइल जपून ठेवा, आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढू नका. २२० पीएसला तो आड येत नाही.

पहिल्या ५०० किलोमीटरांनंतर मॅनिफोल्डचे बोल्ट थंड इंजिनावर पुन्हा आवळा, तेल आणि फिल्टर बदला, आणि जुनं तेल पांढऱ्या कापडावर ओतून पितळेचे चमकते कण शोधा. एकही दिसला तर गाडी बूस्टवर नेऊ नका. इनटेक पाइप काढून शाफ्टचा प्ले पुन्हा मोजा आणि पहिल्या मापाशी ताडून बघा.